पहिल्या मजल्यावर वाळवी, हातात टोकनची पावती

पत्र

नमस्कार. आम्ही ठाण्यात कोपरीला राहतो. मी शाळेत शिक्षिका, नवरा खासगी नोकरीत. भाड्याने देण्यासाठी नेरूळला एक वन बीएचके बघितला. पहिला मजला, इमारत तीसेक वर्षांची, स्टेशन चालत दहा मिनिटांवर. ₹51,000 टोकन दिलं. पहिल्या वेळी सगळं ठीक वाटलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा बेडरूमच्या चौकटीवर खालून वर गेलेली मातीची रेघ दिसली. नवऱ्याने नखाने खरवडली तर आत पांढरं काहीतरी वळवळलं. किचनमध्ये बारीक झुरळंही आहेत. एजंट म्हणतो, "मॅडम, नवी मुंबईत वाळवी नाही असा फ्लॅट दाखवा! तीन हजारांत पेस्ट कंट्रोल होतं." मालक पुण्याला असतात, ते म्हणतात, आम्ही दरवर्षी फवारणी करतो. सध्या तिथे तीन मुलं भाड्याने आहेत, ती दोन महिन्यांनी जाणार. फ्लॅट फर्निचरसकट मिळणार आहे. सासूबाईंचं म्हणणं, वाळवी लागलेलं घर लाभत नाही, टोकन गेलं तर जाऊ दे. मला वाटतं, या भावात स्टेशनजवळ दुसरं मिळणार नाही. किंमत कमी करून मागावी, की मालकांनाच सगळं करून द्यायला सांगावं? आणि उद्या आमचा भाडेकरू आला की हा खर्च कोणाचा?

— एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर

ताई, तुमच्या नवऱ्याने ती रेघ खरवडली हे फार बरं केलं. आत जिवंत वाळवी निघाली म्हणजे "ती जुनी आहे हो, कधीच वाळून गेलीय" हे ठेवणीतलं उत्तर आता कोणाला देता येणार नाही. सौदा मोडायची घाई करू नका, पण साठेखतावर, म्हणजे खरेदीच्या करारावर, सहीही करू नका. मधल्या दहा-पंधरा दिवसांत तुम्हाला एकच गोष्ट शोधून काढायची आहे: ही कीड फ्लॅटची आहे की इमारतीची? फ्लॅटची असेल तर भाव पाडून घ्या आणि खुशाल खरेदी करा. इमारतीची असेल आणि सोसायटीला त्याचं सोयरसुतक नसेल, तर तुम्ही स्वतःच्या चार भिंतींत कितीही औषध ओता, ती परत येणार.

सासूबाईंचं बोलणं मी हसण्यावारी नेणार नाही. लाकडी तुळया आणि वाशांच्या घरात वाळवी म्हणजे डोक्यावरचं छप्पर जाण्याची भीती होती, ते "लाभत नाही" तिथून आलंय. नेरूळची तुमची इमारत आरसीसीची आहे. वाळवी काँक्रीट खात नाही. ती चौकटी, प्लायवूड, पुस्तकं, पुठ्ठ्याची खोकी खाते. म्हणजे इथे प्रश्न पैशांचा आहे, आणि पैशांचा असेल तर तो मोजता येतो. एवढं त्यांना सांगा, पटेल.

एजंटचं वाक्य अर्धं खरं आहे. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठची सखल जमीन भरून उभा राहिला. भरतीचं आणि पावसाचं पाणी सांभाळायला सिडकोला, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीला, पाणी साठवून ठेवणारे धारण तलाव बांधावे लागले ते त्यामुळेच. जमिनीत ओल, वर चार महिने पाऊस, इमारती तीस-पस्तीस वर्षांच्या. वाळवीला आणखी काय हवं? पण म्हणून तीन हजारांत काम होतं हे खोटं. त्या पैशांत होते ती झुरळांची फवारणी, आणि मालक दरवर्षी करतात तीही तीच असणार. त्यांनी दरवर्षी फवारलं आणि चौकटीत वाळवी जिवंत आहे, ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचा म्हणजे त्या फवारणीची किंमत कळेल.

आता तुमच्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले शब्द: पहिला मजला. तळमजल्यावर वाळवी असणं समजू शकतं, कारण तिचं वारूळ बहुधा जमिनीत असतं. कामकरी वाळवीचं अंग मऊ असतं, उघड्या कोरड्या हवेत ती तग धरत नाही. म्हणून ती मातीची बंद नळी बांधत, आतली ओल टिकवत वर चढते. तुम्हाला दिसलेली रेघ म्हणजे हीच नळी. ती पहिल्या मजल्यापर्यंत आली म्हणजे दोहोंपैकी एक झालेलं आहे. एकतर खालच्या फ्लॅटच्या भिंतीतून, पाइपांच्या डक्टमधून नाहीतर वायरिंगच्या नळीतून तिने वाट काढलीय. किंवा वरच कुठेतरी इतकी कायमची गळती आहे की तिला पाण्यासाठी जमिनीपर्यंत जायची गरजच उरलेली नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे आणि दोन्हींचं बिल भरणारी माणसंही वेगळी.

तर तिसऱ्यांदा जा, एजंटशिवाय जमलं तर उत्तम. भाडेकरू मुलांना आधी फोन करा. बरोबर चांगली बॅटरी आणि एक स्क्रू ड्रायव्हर असू द्या. आधी चौकटीच्या पलीकडे काय आहे ते बघा. जुन्या वन बीएचकेमध्ये बेडरूमचं आणि बाथरूमचं दार बहुतेक वेळा एकाच छोट्या पॅसेजमध्ये असतं, आणि चौकटीचं खालचं टोक बाथरूमच्या भिंतीला टेकलेलं असतं. तिथला रंग फुगलाय का, पोपडे आलेत का, पांढरा क्षार फुटलाय का? स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चौकट खालपासून खांद्यापर्यंत ठोकत जा. भरीव आवाज मध्येच पोकळ झाला की तिथे टोक हलकेच दाबा. रंगाचा पापुद्रा शाबूत आणि आत टोक लोण्यात गेल्यासारखं गेलं, तर तेवढी चौकट संपली म्हणून धरा. मग त्या मातीच्या नळीचा दोन बोटं तुकडा मधूनच पाडा, फोटो काढा आणि चार-पाच दिवसांनी त्या मुलांनाच पुन्हा फोटो पाठवायला सांगा. तुटलेली जागा बुजली असेल तर रहदारी जोरात चालू आहे.

"फर्निचरसकट" हे एजंटने तुम्हाला फायदा म्हणून सांगितलं असेल. मी त्या फर्निचरची किंमत शून्य धरते, कधी कधी उणे. भिंतीला ठोकलेलं प्लायचं वॉर्डरोब म्हणजे वाळवीला बिनबोभाट राहायची सोय. वॉर्डरोब रिकामं करून त्याची पाठ बघा, खालचा कप्पा ठोका, ओट्याखालच्या ट्रॉल्या पूर्ण बाहेर ओढा, माळ्यावर बॅटरी मारा. एखाद्या फळीला टाचणीएवढी गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी पडलेली दिसली तर ती वाळवी नाही, तो भुंगा. त्याचा जमिनीशी संबंध नसतो. ती फळी किंवा ते कपाट काढून टाकलं की बहुधा विषय मिटतो. एजंट आणि मालक या दोन्हींना सरसकट "कीड" म्हणतील. तुम्ही म्हणू नका.

फ्लॅट बघून झाला की खाली उतरा. खरी माहिती तिथे आहे. बरोबर तुमच्या फ्लॅटखाली जे राहतात त्यांची बेल वाजवा आणि सरळ सांगा, आम्ही वरचा फ्लॅट घेतोय, तुमच्याकडे वाळवी आहे का? तळमजल्यावरच्या काकूंना तुम्हाला काही विकायचं नसतं. त्या चौकट कधी बदलली, पहिल्या पावसात ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे किती येतात आणि सकाळी खिडकीत पंखांचा खच पडतो का, सगळं सांगतील. हे जूनमध्ये उडणारे किडे म्हणजे पंख फुटलेली वाळवीच, नवं वारूळ मांडायला निघालेली. बाहेरून आत येऊन दिव्याभोवती घिरट्या घालत असतील तर त्यात विशेष काही नाही. भिंतीच्या फटीतूनच बाहेर पडत असतील तर वस्ती त्या भिंतीत आहे.

मग इमारतीभोवती एक चक्कर मारा. भिंतीला लागून फुलझाडांची माती वर चढवलीय का? जिन्याखाली कोणी जुनी दारं, प्लायचे तुकडे, गादीचा सांगाडा टाकून ठेवलाय का? मीटर रूममधल्या लाकडी फळीवर तीच मातीची रेघ आहे का? मागच्या बाजूचा डक्ट बघायला तर विसरूच नका. सगळ्या मजल्यांचे मोरीचे आणि संडासाचे पाइप तिथून उतरतात, आणि तो तळाशी कायम ओला, शेवाळलेला असेल तर तुमच्या वाळवीचं, मोठ्या झुरळांचं आणि उंदरांचं मूळ एकाच ठिकाणी सापडलं असं समजा. शक्य झालं तर एक फेरी रात्री दहानंतर मारा. दिवसा कुठलीही सोसायटी शहाण्यासारखी दिसते. कचऱ्याच्या डब्यांपाशी घुशी आणि उंदीर रात्री निघतात. आणि उंदीर नुसती किळस आणत नाहीत: गिझर-एसीच्या वायरी कुरतडतात, आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा ताप पसरतो तो त्यांच्या मूत्रामुळे.

सेक्रेटरींना भेटाल तेव्हा तीन कागद मागा: इमारतीला गेल्या काही वर्षांत वाळवीची ट्रीटमेंट केली असेल तर त्याचं बिल, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, आणि तुमच्या फ्लॅटबद्दल किंवा त्याच्या वरच्या फ्लॅटबद्दल गळतीच्या तक्रारी आल्या असतील तर त्या. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं, म्हणजे अहवाल असायलाच हवा. त्याच उपविधींत पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाण्याच्या व ड्रेनेजच्या लाइनीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी गळती त्या त्या सभासदाने. म्हणजे चौकटीतली ओल डक्टच्या पाइपामुळे असेल तर सेक्रेटरींशी बोलायचं, वरच्यांच्या बाथरूममुळे असेल तर वरच्यांशी, आणि तुमच्याच बाथरूममुळे असेल तर विषय मालकांच्या खात्यात.

पुनर्विकासाचं काय चाललंय हेही विचारा, आणि उत्तराकडे कान देऊन ऐका. "दोन-तीन वर्षांत जाणारच आहे" असं म्हणणारी सोसायटी साधारणपणे दुरुस्तीवर पैसा घालणं थांबवते. पाइप गळत राहतात, डक्ट तुंबतो, आणि पुनर्विकास काही दोन वर्षांत येत नाही. त्या मधल्या काळात तुमचा फ्लॅट भाड्याने जायचा आहे. अशा इमारतीत ग्रॅनाइटच्या चौकटी बसवण्यात अर्थ नाही, पण भाडेकरू टिकण्याची आशा धरण्यातही फारसा नाही.

ट्रीटमेंटबद्दल आता नीट सांगते, कारण इथेच लोक फसतात. उभ्या इमारतीतल्या वाळवीसाठी भारतीय मानक आहे, आयएस 6313 चा तिसरा भाग. ढोबळमानाने पद्धत अशी: भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे साधारण 12 मिलिमीटरची भोकं, फूट-फूट अंतरावर, तिरपी ड्रिल करायची; त्यांत इमिडाक्लोप्रिड, क्लोरपायरिफॉससारखं वाळवीचं औषध दाबाने सोडायचं; भोकं बुजवायची. चौकटीतही बारीक भोकं पाडून औषध आत सोडतात. पाठीवर पंप लावून भिंतीच्या कडेने शिंपडत जाणं म्हणजे वाळवीची ट्रीटमेंट नव्हे. त्याने वरवरची वाळवी मरते, बाकीची चौकट सोडून वॉर्डरोबकडे वळते. मातीच्या नळ्या आधी पुसून काढायचीही घाई नको. वाळवी कुठून कुठे जाते ते माणसाला दिसू द्या, मग पुसा.

दोन सावधगिऱ्या. बाथरूम आणि संडासाच्या आत फरशीला ड्रिल लावू देऊ नका; वॉटरप्रूफिंगला भोक पडलं की महिन्याभरात खालच्या काकू छताचे फोटो घेऊन वर येतील, आणि त्या बरोबर असतील. दुसरं असं की पहिल्या मजल्यावर ड्रिलिंग करून जमिनीतलं वारूळ मरत नाही. तुमच्या फ्लॅटपुरता अडथळा तयार होतो, इतकंच. खालच्या फ्लॅटने आणि सोसायटीने तळाशी काम केलं तरच ते टिकतं. म्हणूनच मघापासून इमारत, इमारत म्हणतेय.

कंपनी निवडताना परवाना मागा. कीटकनाशक कायदा, 1968 खाली व्यावसायिक पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला परवाना लागतो. खरेदीच्या आधी दोन कंपन्यांना बोलावून पाहणी करून घ्या आणि लेखी कोटेशन घ्या. पाहणी बऱ्याच कंपन्या फुकट करतात. कोटेशनवर औषधाचं नाव, किती रनिंग फूट ड्रिलिंग, हमी किती वर्षांची आणि हमीच्या काळात वाळवी परत आली तर फुकट येणार का, हे सगळं लिहून हवं. चौकट बदलायची असेल तर सुताराचं कोटेशन वेगळं घ्या. बाथरूमलगतची चौकट पुन्हा लाकडाची करू नका, दगडाची करा.

झुरळांचं थोडक्यात. मोठी तपकिरी झुरळं ड्रेनेजमधून येतात. नहाणी ट्रॅपच्या जाळ्या बदलल्या आणि सिंकच्या पाइपाभोवतीची फट बुजवली की निम्मी कमी होतात. तुम्ही लिहिलेली बारीक झुरळं, मानेवर दोन काळे पट्टे असलेली, घरातच वाढतात: ट्रॉलीच्या सांध्यांत, फ्रिजच्या मोटारीपाशी, मिक्सरच्या खाली. मादी अंड्यांची पिशवी अंगावर घेऊन फिरते आणि एका पिशवीत तीस-चाळीस पिल्लं असतात, म्हणून एका फेरीत काम होत नाही. झुरळं मारणाऱ्या जेलचे ठिपके लावायचे, महिन्याभराने पुन्हा लावायचे, आणि जेल लावलं असताना वरून स्प्रे मारायचा नाही. नाहीतर झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. ही कीड फ्लॅटची, स्वस्तात जाणारी. तिच्यामुळे सौदा अडवू नका, भाव करताना बोलायला वापरा.

ढेकणांबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. तीन मुलं, गाद्या, बॅगा, येणं-जाणं. आणि तुम्ही पलंगासकट फ्लॅट घेताय. गादीची शिवण उलटून बघा, पलंगाच्या सांध्यांत आणि डोक्याकडच्या फळीमागे बॅटरी मारा, पलंगाजवळच्या स्विचबोर्डाची कड बघा. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग आणि कात दिसली की समजायचं. मुलांनाच विचारा, "रात्री चावतं का रे काही?" ती खरं सांगतील, त्यांना आता जायचंच आहे. ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे फ्लॅट दोन महिने बंद ठेवला की मरतील या भ्रमात राहू नका. पलंग आणि गाद्या मालकांना घेऊन जायला सांगा, ताबा रिकाम्या फ्लॅटचाच घ्या. औषधाच्या दोन फेऱ्या, मध्ये साधारण दोन आठवडे, कारण पहिल्या फेरीत अंडी वाचतात.

आणि एक गोष्ट कोणी कितीही स्वस्त म्हणून सांगितली तरी होऊ देऊ नका. ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी घरात "गोळ्या ठेवून दार बंद करतो" म्हणणारा माणूस दारातूनच परत पाठवा. त्या गोळ्या म्हणजे धान्याच्या गोदामात वापरतात ते ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तो डक्टमधून, खिडकीतून, पाइपाभोवतीच्या फटीतून शेजारच्या घरात जातो आणि झोपलेली माणसं मारतो. राहत्या इमारतीत अशा तऱ्हेने मृत्यू झालेले आहेत, लहान मुलांचेही. सर्वसामान्यांना त्या गोळ्या विकायलाच बंदी आहे. तुमचा उद्याचा भाडेकरू कोणाला बोलावतो यावरही तुमचं लक्ष हवं ते याचसाठी.

आता कायदा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 प्रमाणे विक्रेत्याला माहीत असलेला, पण खरेदीदाराला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊन सापडला नसता असा महत्त्वाचा दोष सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ऐकायला छान वाटतं. पण तुमच्या बाबतीत बघा: रेघ चौकटीवर समोर होती, आणि तुम्ही ती पाहिली आहे. उद्या कोर्टात "आम्हाला सांगितलं नाही" म्हणायला जागा उरली नाही. जे दिसतं ते कागदावर आणायची जबाबदारी आता तुमची. बँकेकडून कर्ज घेत असाल तर बँकेचा माणूस येऊन बघून जाईल, पण तो क्षेत्रफळ, नकाशा, इमारतीचं वय आणि बाजारभाव बघतो. चौकट ठोकून बघणं त्याचं काम नाही, त्यामुळे "बँकेने पास केलाय" याचा इथे काही उपयोग नाही.

पहिला कागद आजच. मालक आणि एजंट दोघांना व्हॉट्सॲपवर एकच मजकूर पाठवा: "आपल्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या चौकटीला जिवंत वाळवी आढळली आहे, फोटो सोबत जोडले आहेत. पेस्ट कंट्रोल कंपनीची पाहणी आणि सोसायटीकडून माहिती मिळाल्यावर किंमत व अटी पक्क्या करू. त्यावर एकमत न झाल्यास टोकनची रक्कम ₹51,000 परत मिळावी. कृपया होकार कळवावा." होकार आला तर टोकन बऱ्यापैकी सुरक्षित झालं. नुसता फोन आला, "अहो ताई, कशाला एवढं लिहिताय," तर मालक कसा आहे ते तुम्हाला ₹51,000 मध्ये कळलं; साठेखत करून, दहा-वीस लाख अडकवून कळण्यापेक्षा स्वस्तच.

तुमचा मूळ प्रश्न: किंमत कमी, की मालकांकडून काम? किंमत कमी करून घ्या. घर विकून निघालेला माणूस सर्वांत स्वस्त कंपनी बोलावणार आणि ताब्याच्या दिवशी ताज्या रंगाची चौकट दाखवणार. काम तुमच्या माणसाकडून, तुमच्या देखरेखीखाली, हमीपत्र तुमच्या नावावर. दोन कंपन्यांची कोटेशनं, सुताराचं कोटेशन, गळतीची दुरुस्ती, आणि काम चालू असताना बुडणारं महिन्या-दीड महिन्याचं भाडं, अशी बेरीज करून कागद समोर ठेवा. "वाळवी आहे, दोन लाख कमी करा" म्हटलं की एजंट हसतो. हिशेब दाखवला की वाटाघाट सुरू होते. साठेखतात एक ओळ तरी असू द्या की फ्लॅटमध्ये अमुक ठिकाणी वाळवी व ओल असल्याचं विक्रेत्याने मान्य केलं असून ठरलेली किंमत ते धरून आहे, याखेरीज दुसरी गळती किंवा कीड विक्रेत्याच्या माहितीत नाही, आणि ताबा सर्व फर्निचर काढून रिकामा दिला जाईल. हे "माहितीत नाही" फार कामाचं आहे. खोटं निघालं तर कलम 55 पुन्हा तुमच्या बाजूला येतं. सिडकोचं ट्रान्सफर, सोसायटीची एनओसी वगैरे वकील बघतीलच. ही ओळ मात्र तुम्हाला सांगून घालून घ्यावी लागेल.

सोडून केव्हा द्यायचा? खालच्या फ्लॅटमध्येही वाळवी आहे, डक्ट गळतोय, आणि सेक्रेटरी म्हणतात "प्रत्येकाने आपापलं बघावं". तिन्ही जुळलं तर स्टेशन दारात असलं तरी नको. वरच्या बाथरूमची गळती असून वरचे सभासद दार उघडत नाहीत, तरीही नको. त्या भांडणात तुम्ही कोपरीहून किती वेळा नेरूळला जाणार? याउलट सोसायटीने तळाची ट्रीटमेंट केलेली आहे आणि ओल तुमच्याच बाथरूमच्या फुटलेल्या पाइपाची निघाली, तर आनंदाने घ्या. पाइप आधी, वाळवी नंतर, रंग सगळ्यांत शेवटी. सुकायला वेळ द्या.

राहिला भाडेकरूचा प्रश्न. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल. तो लेखी आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे ते सक्तीचं आहे, आणि योगायोगाने तिथलंही कलम 55 च. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. छापील नमुन्यात पेस्ट कंट्रोलबद्दल बहुधा काही नसतं, म्हणून स्वतः लिहा. माझ्या मते न्याय्य वाटणी अशी: वाळवी, ओल, डक्टमधून येणारे उंदीर हा मालकाचा, म्हणजे तेव्हा तुमचा, खर्च, कारण ते घराचं दुखणं आहे. झुरळांची वार्षिक ट्रीटमेंट मालकाने करून द्यावी, ती स्वस्त आहे आणि त्या निमित्ताने वर्षातून एकदा घर आतून बघायला मिळतं. भाडेकरू राहायला आल्यावर ढेकूण झाले तर तो खर्च त्याचा. पण हे सिद्ध करायचं तर घर देताना ढेकूण नव्हते याचा कागद हवा, म्हणून दोन भाडेकरूंच्या मधल्या आठवड्यात ट्रीटमेंट करून बिल करारासोबत ठेवा. डिपॉझिटमधून "पेस्ट कंट्रोलचे" म्हणून सरसकट चार-पाच हजार कापायची जी पद्धत पडलीय ती मला पटत नाही. बिल दाखवता येत नसेल तर कापू नये.

करारात आणखी दोन गोष्टी घाला: गळती किंवा मातीची रेघ दिसल्यास भाडेकरूने सात दिवसांत फोटोसह कळवावं, आणि मालकाला न विचारता कोणत्याही प्रकारचं धुरी देणं किंवा गोळ्या ठेवणं करू नये. त्यातली दुसरी अट भाडेकरूला वाचून दाखवा, नुसती सही घेऊ नका.